सतरंजी गुंडाळल्यानंतरचा योग





दरवर्षी २१ जूनला सकाळी आपल्या शाळेच्या मैदानावर सतरंज्या अंथरल्या जातात. २०१५ पासून हा दिवस आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून साजरा होतो. पाचवी ते दहावीची मुले रांगेत उभी राहतात, ताडासन, वृक्षासन, भुजंगासन करतात आणि शेवटी शवासनात पडून एका डोळ्याने शेजाऱ्याकडे पाहतात. मागे एकदा सातवीतल्या एका मुलीने सतरंजी गुंडाळता गुंडाळता विचारले, "बाई, योग संपला ना? मग आता डबा खाऊ?"

आम्ही हसून म्हटले, "हो, खा." पण नंतर शिक्षकांच्या खोलीत तो प्रश्न बराच वेळ घोळत राहिला. योग खरोखर सतरंजीबरोबर गुंडाळून कपाटात ठेवण्याची गोष्ट आहे का? तसे असेल तर दिवसाचे उरलेले तेवीस तास आपण कशाच्या आधाराने काढायचे?

या अंकात त्याविषयी थोडे लिहावे असे ठरले. आम्ही काही योगाचार्य नाही. शाळेत मुले शिकवता शिकवता जे वाचले, आणि मुख्य म्हणजे जिथे आम्ही स्वतः चुकलो, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

ग्रंथ काय म्हणतो

योगाचा मूळ ग्रंथ म्हणून पतंजलींची योगसूत्रे ओळखली जातात. समाधी, साधन, विभूती आणि कैवल्य असे त्याचे चार पाद आहेत. प्रचलित पाठात १९५ सूत्रे मिळतात, काही पाठांत १९६. त्यांतली आसनाविषयीची सूत्रे किती असावीत? अवघी तीन! आसन स्थिर आणि सुखकारक असावे, ते कसे साधते आणि त्याने थंडी-उन्हासारखी द्वंद्वे कशी त्रास देईनाशी होतात, एवढे सांगून पतंजली पुढे जातात. बाकीचा बहुतेक ग्रंथ चित्ताविषयी आहे.

आसने कमी महत्त्वाची असे याचा अर्थ कोणी काढू नये. पाठ ताठ नसेल तर तासभर अभ्यासाला बसवत नाही, हे मुलांनाही ठाऊक आहे. आसनांना प्रयोगाची शिस्त लावणारे स्वामी कुवलयानंद तर आपल्या परिसरातलेच. त्यांचा जन्म १८८३ साली डभोईला झाला. बडोद्यात प्रोफेसर माणिकरावांच्या हाताखाली त्यांनी व्यायामाचे धडे घेतले, नर्मदाकाठच्या मालसरला माधवदासजींकडे ते योग शिकले आणि १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले. शरीरावर आसनांचा परिणाम काय होतो ते मानून चालू नका, मोजून पाहा, अशी त्यांची वृत्ती होती. हीच पाहण्याची वृत्ती मनाकडे वळवली की पतंजलींचा विषय सुरू होतो.

मनाचे पाच व्यापार

चित्तात सतत काहीतरी चाललेले असते. त्या हालचालींना पतंजली वृत्ती म्हणतात आणि त्यांचे पाच प्रकार सांगतात. नावे अवघड वाटली तरी अनुभव रोजचाच आहे.

पहिली वृत्ती प्रमाण, म्हणजे खरे ज्ञान. ते डोळ्यांनी पाहून होते, अनुमानाने होते किंवा विश्वासू माणसाच्या अथवा ग्रंथाच्या शब्दावरून होते. दुसरी विपर्यय, म्हणजे चुकीचे ज्ञान. अंधारात दोरीला साप समजणे हे त्याचे नेहमीचे उदाहरण. ध्यानात ठेवायची गोष्ट अशी की, साप वाटत असताना तो खराच वाटतो आणि छातीही खरीच धडधडते.

तिसरी विकल्प. इथे शब्द असतो, पण शब्दामागे वस्तू नसते. "लोक काय म्हणतील" यातले लोक कोण, ते कुठे राहतात, हे कोणी सांगू शकत नाही. तरी त्यांच्या भीतीने घरोघरी निर्णय होतात. "हा मुलगा ढच आहे" हेही असेच. मुलगा समोर आहे, त्याला भागाकार येत नाही हेही खरे. पण "ढ" नावाची वस्तू त्याच्यात कुठेही सापडत नाही.

चौथी निद्रा. झोपेलाही वृत्ती म्हटलेले पाहून मुलांना गंमत वाटते. भाष्यकार विचारतात, झोपेत काहीच अनुभव नसता तर सकाळी उठून "छान झोप लागली" असे आपण कशाच्या जोरावर सांगितले असते? पाचवी स्मृती. अनुभवलेली गोष्ट मनातून निसटून न जाणे ही स्मृती.

या पाचही वृत्ती वाईट नाहीत. स्मृतीशिवाय पाढे येणार नाहीत, अनुमानाशिवाय भूमिती सुटणार नाही. म्हणून पतंजली त्यांचे क्लिष्ट आणि अक्लिष्ट, म्हणजे क्लेश वाढवणाऱ्या आणि न वाढवणाऱ्या, असे दोन भाग करतात. खरी गडबड होते ती एका वृत्तीला दुसरी समजल्यामुळे. हे आम्ही फळ्यावर लिहून अनेकदा शिकवले होते. पण आम्हाला ते कळले एका घटक चाचणीनंतर.

आमची चूक

आठवीच्या वर्गात शेजारी शेजारी बसणाऱ्या दोन मुलांचे समाजशास्त्राचे एक उत्तर शब्दशः सारखे निघाले. इतकेच नव्हे, तर दोघांनी एकच साल चुकीचे लिहिले होते. त्यांतला एक मुलगा आदल्या वर्षी परीक्षेत चिठ्ठीसह सापडला होता. आम्हाला दुसरा पुरावा लागलाच नाही. त्याला वर्गापुढे उभे केले, रोजनिशीत शेरा लिहिला आणि वडिलांना बोलावले. वडील पाळीवर काम करणारे. अर्ध्या दिवसाचा पगार सोडून ते आले, खाली मान घालून ऐकून गेले. मुलगा एकदाच म्हणाला, "मी नाही केले." आम्ही म्हणालो, "मागच्या वर्षीही असेच म्हणाला होतास."

दोन दिवसांनी दुसऱ्या तुकडीचे पेपर तपासायला घेतले. तिथे एका मुलीच्या पेपरात तेच वाक्य आणि तेच चुकीचे साल! ही मुलगी तर वेगळ्या खोलीत बसली होती. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. तिघेही एकाच गल्लीत राहणारे. कोणाच्या तरी मोठ्या बहिणीची जुनी वही गल्लीत फिरली होती आणि तिघांनी त्या वहीवरून उत्तर पाठ केले होते. साल वहीतच चुकले होते.

मुलाला बोलावले आमच्यापैकी एकाने, पण त्या दिवशी बाकीच्यांनीही मान डोलावली होती. त्यामुळे ही चूक आम्ही सर्वांची मानतो.

आता पतंजलींच्या पाच वृत्ती घेऊन त्या दिवसाकडे पाहा. डोळ्यांनी पाहिले होते ते एवढेच, की दोन उत्तरे सारखी आहेत. ते प्रत्यक्ष. "म्हणजे एकाने दुसऱ्याचे पाहिले" हे अनुमान, आणि तेही कच्चे, कारण सारखेपणाची इतर कारणे आम्ही तपासलीच नाहीत. "याने मागेही केले होते" ही स्मृती. "हा मुलगा तसलाच" हा विकल्प. या सगळ्यांची मोळी बांधली आणि तिच्यावर आम्ही प्रमाण अशी चिठ्ठी चिकटवली. प्रत्यक्षात तो विपर्यय होता. दोरीला साप म्हटले तर निदान दोरीला काही इजा होत नाही. इथे दोरीच्या जागी तेरा वर्षांचा मुलगा होता.

माफी मागायला तीन दिवस का लागले?

चूक बुधवारी कळली. आम्ही वर्गापुढे माफी मागितली ती शनिवारी. मधले तीन दिवस काय चालले होते हे तपासणे आम्हाला अधिक जड गेले.

पतंजली पाच क्लेश सांगतात: अविद्या, अस्मिता, राग, द्वेष आणि अभिनिवेश. यातला राग म्हणजे संताप नव्हे, आसक्ती. अविद्या ही बाकीच्या चारांची जमीन, तिच्यात ते उगवतात. आम्हाला त्या तीन दिवसांत भेटली ती अस्मिता. मराठीत हा शब्द आता अभिमानाने वापरतात, पण योगसूत्रांत अस्मिता हा क्लेश आहे. पाहणारा आणि पाहण्याचे साधन जणू एकच आहेत असे वाटणे ही अस्मिता. सोप्या भाषेत, माझे मत म्हणजेच मी. मग मत चुकले असे कोणी दाखवले की मीच मोडतो आहे असे वाटू लागते. "शिक्षकांनी वर्गापुढे माफी मागितली तर शिस्त राहील का?" असे आम्ही एकमेकांना विचारत होतो. शिस्तीची काळजी थोडी होती, नाही असे नाही. पण तिच्या आडोशाला अस्मिताच बसली होती.

हे क्लेश नेहमी उघडपणे दिसत नाहीत. पतंजली त्यांच्या चार अवस्था सांगतात. काही झोपलेले असतात, काही क्षीण झालेले, काही दुसऱ्या क्लेशाने तात्पुरते दाबलेले, तर काही पूर्ण जोरात. एरवी शांत असणारे घर निकालाच्या दिवशी का पेटते, याचे उत्तर यात आहे. वर्षभर झोपलेली तुलना त्या दिवशी जागी होते.

माफी मागून झाली. मुलगा "ठीक आहे बाई" म्हणाला. पुढच्या चाचणीत त्याने एक प्रश्न कोरा सोडला. त्याला तो येत होता हे आम्हाला माहीत होते. विचारल्यावर म्हणाला, "शेजारच्यानेही तेच लिहिले असते तर?"

पालकहो, या उत्तरापुढे आम्ही निरुत्तर झालो. घाईने काढलेला एक निष्कर्ष दुसऱ्याच्या मनात किती दिवस राहतो, हे कोणत्याही सूत्रभाष्याने आम्हाला इतके स्पष्ट सांगितले नव्हते.

दाराशी थांबून पाहणे

मग करायचे काय? वृत्ती येणारच. त्या येऊ नयेत म्हणून डोळे मिटून कपाळाला आठ्या घालणे काही कामाचे नाही.

याबाबत बडोद्यातच घडलेला एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. श्री अरविंद १८९३ ते १९०६ या काळात बडोदे संस्थानात नोकरीला होते. पुढे जानेवारी १९०८ मध्ये, सुरतेची काँग्रेस आटोपून ते पुन्हा इथे आले असताना विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याशी त्यांची भेट झाली. लेल्यांनी त्यांना जे सांगितले ते अरविंदांनी पुढे नमूद केले आहे. सांगण्याचा भावार्थ असा: शांत बसा आणि पाहा, विचार बाहेरून येताना दिसतील, ते आत शिरण्याआधीच परतवा. अरविंदांनी तसे केले आणि तीन दिवसांत त्यांचे मन नि:शब्द झाले.

ती थोरांची गोष्ट. तीन दिवसांत मन रिकामे करा असे आम्ही कोणाला सांगणार नाही, आम्हालाही ते जमलेले नाही. पण त्यातला अर्धा भाग आपल्या आवाक्यातला आहे. दाराची कडी वाजली की आपण एकदम दार उघडत नाही, आधी "कोण आहे?" असे विचारतो. विचारालाही तेवढेच विचारायचे. आलेला विचार पाहिलेला आहे, अनुमानाचा आहे, जुनी आठवण आहे, की नुसता शब्द आहे? हे विचारण्यापुरते थांबले तरी जिभेवरचे वाक्य पुष्कळदा परत जाते.

चार माणसे, चार भाव

आपले मन सर्वांत जास्त हलते ते इतर माणसांमुळे. पतंजलींनी त्यावर एक अत्यंत व्यवहारी उपाय दिला आहे. सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, चांगले करणाऱ्याविषयी मुदिता म्हणजे आनंद, आणि वाईट करणाऱ्याविषयी उपेक्षा. असे भाव जोपासले की चित्त प्रसन्न राहते.

निकालाच्या दिवशी हे लावून पाहा. शेजारच्या मुलीला जास्त गुण मिळाले. आपल्या तोंडून सहज निघते, "तिची आई घरी असते ना, वेळ देते." हे वाक्य मैत्रीच्या जागी मत्सर बसवते. तिच्या मेहनतीचा मोकळेपणाने आनंद मानला तर पहिला लाभ आपल्याच मनाला होतो आणि दुसरा आपल्या मुलाला, कारण त्याने आपली प्रतिक्रिया ऐकलेली असते. ज्याचा विषय राहिला त्याच्याविषयी करुणा हवी. "मी म्हटले होतेच" म्हणजे करुणा नव्हे.

उपेक्षा या शब्दाशी मात्र जपून. आज मराठीत उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष, हेळसांड. इथे अर्थ आहे अलिप्त राहणे, दुसऱ्याच्या वाईटपणाने आपले चित्त पेटू न देणे. अन्याय सोसत बसा असा त्याचा अर्थ होत नाही. कोणी मुलाला त्रास देत असेल, मारत असेल, तर ते मोठ्यांना सांगितलेच पाहिजे आणि मोठ्यांनी ते थांबवलेच पाहिजे. यमांमधली पहिली अहिंसा आहे आणि ती आपल्या मुलांनाही लागू आहे. फक्त थांबवताना आपण स्वतः द्वेषाने जळत राहू नये, इतकेच उपेक्षा सांगते.

रोजचा स्वाध्याय

मुलांना स्वाध्याय हा शब्द पाठ्यपुस्तकातून माहीत आहे. धडा संपला की खाली प्रश्न येतात, तो स्वाध्याय. योगातही तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान यांना क्रियायोग म्हटले आहे. भाष्यकार स्वाध्यायाचा अर्थ प्रणवादी पवित्र मंत्रांचा जप आणि मोक्षशास्त्राचे अध्ययन असा देतात. आज पुष्कळ जण त्यात स्वतःचे अध्ययनही धरतात. आम्ही सुचवतो ते हे दुसरे: दिवसाचा धडा संपल्यावर खालचे प्रश्न सोडवणे.

आपल्या कितीतरी घरांत अजून दिवेलागणीला शुभंकरोती होते, समर्थांचे मनाचे श्लोक म्हटले जातात. त्या २०५ श्लोकांत समर्थ मनाशीच बोलतात, त्याला समजावतात. मनाशी बोलण्याची ही सवय आपल्याकडे जुनीच आहे. त्यानंतर पाच मिनिटे काढून दिवसातला एकच खटकलेला प्रसंग घ्यावा आणि स्वतःला चार प्रश्न विचारावेत.

१. मी प्रत्यक्ष पाहिले किंवा ऐकले ते नेमके काय?
२. त्यात माझे अनुमान किती होते, आणि ते तपासले का?
३. जुनी कोणती आठवण किंवा कोणता शब्द मध्ये आला?
४. मी कशाला चिकटून बसलो आहे, आणि ते सुटले तर उद्या काय करीन?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर कृतीत हवे. "उद्या तिला विचारीन", "उद्या माफी मागीन", "उद्या वही परत देईन" असे. नुसते "मी वाईट आहे" हे उत्तर नव्हे. तोही एक विकल्पच, आपण स्वतःला दिलेला शेरा. मुलांना या खेळात ओढून त्यांच्याकडून कबुलीजबाब काढू नयेत. आधी मोठ्यांनी आपला प्रसंग सांगावा. बाबांनी सांगावे, "आज दुकानात मी उगाच चिडलो, आधी नीट विचारले नव्हते." मुले आपोआप बोलू लागतात.

मनात वाईट विचार जोर करू लागला तर त्याच्या उलट बाजूचा विचार आणावा असेही पतंजली सांगतात. त्याला प्रतिपक्षभावना म्हणतात. रागाने कोणाला बोलावेसे वाटले की या बोलण्याचे फळ दुःख आणि अज्ञान हेच आहे, आणि ते दोघांनाही भोगावे लागेल, हे आठवावे.

हे चार दिवसांत साधत नाही. अभ्यास पक्का व्हायला पतंजली तीन अटी घालतात: तो दीर्घकाळ असावा, खंड न पडता असावा आणि आदराने केलेला असावा. आठवड्यातून एकदा तासभर करण्यापेक्षा रोज पाच मिनिटे बरी.

आम्हीही शिक्षकांच्या खोलीत एक नियम केला आहे. कोणत्याही मुलाच्या रोजनिशीत शेरा लिहिण्याआधी पहिले दोन प्रश्न एकमेकांना विचारायचे आणि मुलाचे म्हणणे पूर्ण ऐकायचे. कधी कधी घाईत नियम मोडतो. मोडला की दुसरा कोणीतरी आठवण करून देतो, आणि त्याचा राग येऊ न देणे हा आमचा स्वाध्याय.

तो मुलगा आता नववीत आहे. मागच्या चाचणीत त्याने सगळे प्रश्न सोडवले. पण लिहिताना डावा हात अजून उत्तरपत्रिकेवर आडवा धरतो, कोणाला दिसू नये म्हणून. तो हात बाजूला होईपर्यंत आमचा अभ्यास अपुरा आहे असे आम्ही समजतो.

आणि त्या सातवीतल्या मुलीला द्यायचे उत्तर आता आम्हाला सुचले आहे. बाळ, डबा जरूर खा. पण योग संपलेला नाही. डबा खाताना मैत्रिणीने लोणचे दिले नाही म्हणून तुला राग येईल ना, तेव्हा तो सुरू होईल.

आपले,
शिक्षकवृंद